चुन्याच्या रेषेवर

जळगावला माझ्या मावशीच्या शेजारी नाना राहत. सकाळी साडेसहाला गळ्यात कॅमेरा अडकवून ते कोपऱ्यावर उभे राहत आणि समोरून जाणाऱ्या प्रत्येक सायकलवाल्याचा फोटो काढत. दूधवाला, पेपरवाला, गिरणीत कामाला निघालेली माणसं, कुणीही सुटत नसे. सायकल लांब असतानाच ते कॅमेरा डोळ्याला लावत, तिच्याबरोबर कमरेतून हळूहळू वळत जात आणि ती बरोबर समोर आली की खट् करून आवाज होई. पण खट् झाल्यावरही ते थांबत नसत. सायकल पुढच्या वळणाला लागेपर्यंत वळतच राहत.

कॅमेऱ्यात फिल्म नसे.

ही गोष्ट दूधवाल्याला कितीतरी महिन्यांनी कळली, तेव्हा तो फार दुखावला. कोपरा आला की तो बिचारा ताठ बसून हसरा चेहरा करत असे. "म्हणजे माझा एकही फोटो नाही?" त्यानं विचारलं. नाना म्हणाले, "गवई पहाटे गातो तेव्हा समोर कुणी बसलेलं असतं का? तसंच आहे हे." दूधवाल्याचं त्यानं काही समाधान झालं नाही. पुढच्या दिवाळीला नानांनी खरी फिल्म घालून त्याचा एक फोटो काढून दिला. मागची घरं वाऱ्यानं पुसल्यासारखी आणि मधोमध दूधवाला आणि त्याचे कॅन लख्ख. तो फोटो त्यानं फ्रेम करून घरात लावला.

नाना पाटबंधारे खात्यात नकाशे काढायच्या कामाला होते. दिवसभर कालवे आणि बंधारे कागदावर उतरवायचे, आणि रविवारी व सुट्टीच्या दिवशी जिथे कुठे खेळ असेल तिथे जायचं. धरणगावला कबड्डी असो, बोदवडला कुस्त्यांचा फड असो, नाना पहिल्या गाडीनं हजर. कुणी बोलावलेलं नसे, पैसे द्यायचा तर प्रश्नच नव्हता. लग्नाचे फोटो मात्र ते काढत नसत. शेजारच्या मुलीच्या लग्नाला सुद्धा त्यांनी नकार दिला आणि काकूंना, म्हणजे त्यांच्या बायकोला, महिनाभर शेजारणीचे टोमणे ऐकावे लागले. "बसलेल्या माणसाचा फोटो काढायला मी कशाला पाहिजे?" ते म्हणत. "तो कुठे पळून चाललाय?"

मी तेव्हा चोपड्याला मुलींच्या शाळेत खेळाची शिक्षिका होते. ऐंशीच्या दशकातली गोष्ट आहे. जिल्ह्याच्या स्पर्धा जळगावला होत, आणि मुली घेऊन आले की मी मावशीकडे उतरत असे. माझ्याकडे एक साधा डबा कॅमेरा होता. त्यात मी माझ्या खो-खोच्या संघाचे फोटो काढून नानांना दाखवले. त्यांनी एकेक फोटो नीट पाहिला आणि विचारलं, "बाई, या मुलींना डोकी नाहीत का?"

तिथून माझी शिकवणी सुरू झाली. मैदानावर खेळाच्या आधी तासभर पोचायचं. ऊन कुठून येतंय आणि कुठे जाणार ते बघायचं. पाठीमागे सायकलस्टँड किंवा मुतारी येत नाही ना, हे आधी पाहायचं. आणि खाली बसायचं. "उभं राहून काढलेला फोटो फौजदारानं काढल्यासारखा दिसतो," असं त्यांचं म्हणणं होतं. त्यांच्या सगळ्या पँटींना गुडघ्यावर जाड कापडाचे तुकडे लावलेले असत. सायकलीचं वेगळं, पण पळणाऱ्यामागे लेन्स फिरवत बसू नये. तो जिथे येणार त्या जागेवर आधीच नेम धरून ठेवावा, आणि तो तिथे पाऊल टाकायच्या किंचित आधी बटण दाबावं. "जो क्षण तुम्हाला दिसला, तो फोटोत आला नाही समजा. बटण दाबलं की आतला आरसा उचलला जातो, त्या क्षणी कॅमेऱ्यातून काळोख दिसला पाहिजे. काळोख दिसला तर फोटो तुमचा."

सामान फार नव्हतं. मुंबईच्या कुणा डॉक्टरकडून घेतलेला जुना जपानी कॅमेरा, लांबची एक लेन्स, तिच्या तोंडाला तुपाचा डबा कापून आतून काळा रंगवलेली नळी. टेकायला बांबूची काठी, तिच्या टोकाला सायकलच्या दुकानातून बसवून घेतलेला स्क्रू. फिल्म धुवायची न्हाणीघरात. तिला पाणी गार लागतं, आणि जळगावच्या मे महिन्यात गार पाणी कुठून आणायचं? म्हणून घरातला सगळ्यात चांगला माठ ओल्या गोणपाटात गुंडाळून न्हाणीघरात ठेवलेला असे. काकू पाहुण्यांना कोमट पाणी देत आणि सांगत, "गार पाणी आहे हो घरात. पण ते पैलवानांसाठी आहे."

शेवंती माझ्याकडे आली ती आठवीत. सातपुड्याच्या पायथ्याशी, चोपड्यापासून दहाबारा मैलांवर तिचं गाव. पावसावर येईल तेवढी शेती, बाकी वेळ वडील चोपड्याकडच्या केळीच्या बागांत मजुरीला. मुलगी शाळेत यायची ती चार मैल चालत आणि पुढे एसटीनं. पण चालत म्हणायचं फक्त, ती पळतच यायची. बूट कधी घातले नव्हते. आठशे मीटर पळताना तिचा श्वास वाढलेला मी पाहिला नाही.

नववीच्या वर्षी तिचे वडील शाळेत आले. माझ्यासमोर उभेच राहिले, बसा म्हटलं तरी बसले नाहीत. म्हणाले, "बाई, यंदा नंबर ऊना ते ठीक शे. नही ते मंग ती बी केळीना कामले लागी." रागानं बोलले नाहीत. घरात खाणारी सहा तोंडं होती आणि त्यांनी मला एक मुदत सांगितली, यंदा नंबर नाही आला तर मजुरी, एवढंच. जिल्ह्यात पहिली येईल तीच नाशिकला विभागाच्या स्पर्धेला जाणार होती, आणि तिथे चमकली तर सरकारी क्रीडा वसतिगृहात जागा. राहणं, जेवण, शिक्षण सगळं फुकट. मी हिशेब मांडून बसले होते.

डिसेंबरमधली आठशे मीटरची शर्यत. मुरमाचं मैदान, चुन्यानं आखलेल्या रेषा, शेवटच्या रेषेवर दोन माणसांनी धरलेला लोकरीचा धागा. दुसऱ्या फेरीत शेवंती आणि भुसावळकडची एक उंच मुलगी, दोघीच पुढे निघाल्या. शेवटचे पन्नास मीटर मी ओरडत पळत होते, काय ओरडले ते आठवत नाही. दोघी धाग्यावर एकत्रच गेल्या. पंचांनी आपसांत बोलून भुसावळच्या मुलीला पहिलं दिलं.

मला दिसलं होतं ते वेगळं होतं. मी तक्रार केली. स्पर्धेचे प्रमुख एक वयस्कर गृहस्थ होते, स्वभावानं चांगले. ते म्हणाले, "बाई, उद्या सकाळी अकराला यादी नाशिकला जाईल. तोवर काही पुरावा असेल तर आणा."

पुरावा! मी मैदानभर नजर फिरवली. नाना रेषेच्या पलीकडे, आतल्या बाजूला मांडी घालून बसले होते आणि शांतपणे फिल्म गुंडाळत होते.

दिवे लागायच्या सुमारास मी त्यांच्या घरी पोचले. न्हाणीघराच्या दोरीवर चिमट्यांना ओले फोटो लटकत होते. शेवटचा पाहिला आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. धागा शेवंतीच्या छातीवर ताणलेला. दुसरी तिच्या खांद्यामागे, चांगली वीतभर.

"नाना, जिंकलो आपण."

"हा फोटो मी देणार नाही," नाना म्हणाले.

मला वाटलं ते गंमत करतायत. त्यांनी काकूंकडून दोन पेले मागून घेतले आणि शहाबादी फरशीच्या सांध्यावर शेजारी शेजारी ठेवले. मला जमिनीवर बसवलं. एका कोपऱ्यातून बघायला लावलं, डावा पेला पुढे दिसला. दुसऱ्या कोपऱ्यातून उजवा पुढे दिसला. मग सांध्याच्या अगदी टोकाला बसवलं. तिथून एकाच्या आड दुसरा गेला, एकच पेला दिसायला लागला.

"मी आज तिरका बसलो होतो," ते म्हणाले. "शेवंती माझ्या जवळच्या बाजूला होती. ती पुढे दिसणारच. दुसरीच्या छातीजवळचा धागा हिच्या खांद्याआड गेलाय. खरं काय झालं ते या फोटोत नाही."

"पण ती पुढे असेलही!"

"असेलही."

"मग? त्या लोकांना हे पेल्याचं कुठे कळणार आहे?"

"बाई, मी वीस वर्षं नकाशे काढतोय. मला सोयीची म्हणून रेष ओढली तर पाणी तिकडून जात नाही."

एवढं बोलून ते काकूंना चहाचं सांगायला आत गेले. न्हाणीघरात मी एकटी होते. त्यानंतर मी काय केलं ते सांगायला आजही अवघड जातं. मी चिमटा काढला, फोटो घेतला, वहीत घातला आणि वही पिशवीत. मग चहा प्यायले आणि मावशीकडे गेले.

दुसऱ्या दिवशी समितीच्या टेबलावर मी तो फोटो ठेवला. प्रमुखांनी चष्मा लावून पाहिला. त्यांचा चेहरा उजळला. त्यांनाही शेवंतीचं पळणं आवडलं होतं. "हे तर स्पष्टच आहे," ते म्हणाले. भुसावळची मुलगी दाराशी उभी होती. तिला काय चाललंय ते कळत नव्हतं. तेवढ्यात प्रमुखांची नजर मैदानाकडे निघालेल्या नानांवर गेली आणि त्यांनी हाक मारली. "या, या. हा फोटो तुमचाच ना?"

नानांनी फोटोकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "माझाच," ते म्हणाले. "पण कामाचा नाही." आणि टेबलावरच्या शाईच्या दोन दौती ओढून त्यांनी पुन्हा तेच करून दाखवलं. सगळे वाकून वाकून बघत होते. शेवटी ते म्हणाले, "चूक माझी आहे. मला चेहरे हवे होते, म्हणून मी रेषेवर बसलो नाही. चांगल्या फोटोचा हावरटपणा केला. रेषेवर बसलो असतो तर आज या दोन पोरींपैकी एकीला तरी मी खात्रीनं सांगू शकलो असतो."

यादी होती तशीच नाशिकला गेली.

परतीच्या एसटीत शेवंती खिडकीशी बसून होती. फोटो चोरल्याबद्दल नानांनी मला काही विचारलं नाही याचाच मला जास्त राग आला होता. पुन्हा त्या माणसाचं तोंड बघायचं नाही असं मी ठरवलं.

तीन आठवड्यांनी, एका रविवारी सकाळी, माझ्या दारात नाना उभे. गुडघ्याला तुकडे लावलेली पँट, खांद्याला पिशवी. पहिल्या एसटीनं आले होते. "मला त्या पोरीच्या गावाला न्या," म्हणाले.

"कशाला?"

"तिच्या वडिलांना सांगायचंय, माझ्या चुकीमुळे काय झालं ते."

मी चहासुद्धा विचारला नाही. पण नेलं. एसटीनं फाट्यापर्यंत आणि पुढे चार मैल पायी, धुळीच्या वाटेनं. आम्ही पोचलो तेव्हा शेवंती अंगण सारवत होती. वडिलांनी खाट टाकली. नाना खाटेवर बसले नाहीत, सवयीनं खालीच बसले, त्यामुळे वडीलही त्यांच्या समोर खाली बसले. आजूबाजूची चारपाच माणसं जमली.

नानांनी पिशवीतून तीन फोटो काढले. शेवटच्या वीस मीटरमध्ये, अंगठ्यानं फिल्म ओढत ओढत त्यांनी तीनदा बटण दाबलं होतं. तिसरा मी चोरला होता तोच, फिल्मवरून नव्यानं छापलेला. "हाऊ देखू नका," म्हणून तो त्यांनी बाजूला ठेवला, आणि पहिले दोन शेवंतीच्या हातात दिले. "हाई देख. तू कोठे देखी ऱ्हायनी?"

शेवंतीनं फोटो जवळ धरला, लांब धरला. दोन्हींत तिची मान वळलेली होती. ती समोर बघत नव्हती, शेजारच्या मुलीकडे बघत होती.

"मी कोठे देखं तिले?" ती म्हणाली. मग परत पाहिलं आणि हळूच कबूल केलं, "देखं ना मी."

"मान वळली की खांदा वळतो, खांदा वळला की पाऊल आखूड पडतं," नाना मला म्हणाले. "हे मात्र तिरक्या फोटोतही खरंच असतं."

दीड वर्ष मी त्या मुलीला शिकवत होते. रोज शिट्टी घेऊन तिच्याबरोबर होते. मला ही मान कधी दिसली नव्हती.

तिचे वडील पुढे सरकले. त्यांनी बाजूला ठेवलेला तिसरा फोटो उचलला, बराच वेळ बघितला आणि विचारलं, "मंग पहिली कोन उनी?"

नाना म्हणाले, "माले मालूम नही."

मी डोळे मिटून घेतले. निदान इथे तरी, या माणसासमोर तरी, तुमची मुलगी पहिली होती म्हणायला काय जात होतं? मग वडील हसायला लागले. आधी हळू, मग चांगलेच मोठ्यानं. जमलेल्या माणसांकडे वळून म्हणाले, "आठे जो बी येस, तो सांगस, माले बठ्ठं मालूम शे. पुढारी येस, सायब येस. माले मालूम नही सांगनारा हाऊ पहिलाच मानूस देखा मी." आणि मग शेवंतीकडे न बघता, मला म्हणाले, "पयू द्या तिले आखो एक वरीस."

त्या वर्षभर आम्ही फक्त मान शिकलो. मैदानाच्या टोकाला एक मडकं उपडं ठेवायचं, त्याच्याकडे बघत पळायचं, आणि शेजारून दुसऱ्या मुलीनं काय वाटेल ते ओरडायचं. महिन्यातून एकदा नाना येत, फोटो काढत आणि आठ दिवसांनी पोस्टानं पाठवून देत. मागे लिहिलेलं असे: 'मान ठीक. उजवा हात फार वर.' किंवा नुसतंच 'मान!'

पुढच्या डिसेंबरला स्पर्धेच्या प्रमुखांनी नानांसाठी शेवटच्या रेषेच्या बरोबर टोकाला एक स्टूल ठेवलं होतं. दिवसभर ते त्यावर बसून राहिले. तिथून चेहरे दिसत नाहीत, घाम दिसत नाही, फोटो अगदी नकाशासारखे येतात. मुलांच्या शंभर मीटरला एकदा पंचांचं अडलं, तेव्हा त्यांनी फोटो येईपर्यंत निकाल थांबवला. आमच्या शर्यतीला मात्र त्याची गरज लागली नाही. शेवंती धाग्यावर गेली तेव्हा दुसरी चांगली दहा पावलं मागे होती. वडील पहिल्यांदाच जळगावला आले होते. धुतलेला सदरा, टोपी, आणि कुठे उभं राहायचं ते न कळून चुन्याच्या रेषेत उभे. मुलगी धागा तोडून थेट त्यांच्या अंगावर जाऊन आदळली.

त्या संध्याकाळी नानांनी आम्हा तिघांना जेवायला नेलं. काकूंनी भरीत आणि कळण्याच्या भाकरी केल्या होत्या. जेवण झाल्यावर मी मागे न्हाणीघराच्या दाराशी गेले. नाना दोरीवर फोटो लावत होते.

"नाना," मी म्हटलं, "गेल्या वर्षी मी तो फोटो न विचारता नेला होता."

"हो."

"तुम्ही एका शब्दानं बोलला नाहीत."

त्यांनी हातातला चिमटा दोरीला लावला. "चहाचं सांगायला आत गेलो तेव्हाच वाटलं होतं तुम्ही न्याल म्हणून. तरी गेलो. पोरगी तुमची होती, बाई. मी तुमच्या जागी असतो तर मीही नेला असता. आणि तुम्ही माझ्या जागी असता तर दौती मांडल्या असत्या."

बाहेरून शेवंतीच्या हसण्याचा आवाज येत होता, काकू तिला काहीतरी खायचा आग्रह करत होत्या.

"आता ते जाऊ द्या," नाना म्हणाले. "नाशिकच्या मैदानावर ही अनवाणी कशी पळणार? तिथे सगळ्या खिळ्यांचे बूट घालून येतात, कुणाचा पाय पडला तर पोरगी कामातून जाईल. नाशिकला माझा ओळखीचा बूटवाला आहे. त्याला माप पाठवायला पाहिजे."

ते बाहेर आले, पिशवीतून नकाशाचा पारदर्शक कागद काढला आणि फरशीवर पसरला. शेवंतीला त्यावर उभं केलं. स्वतः गुडघ्यांवर बसले, पेन्सिलीला टोक केलं आणि तिच्या डाव्या पावलाभोवती रेष ओढायला सुरुवात केली. करंगळीपाशी पेन्सिल आली तशी तिला गुदगुल्या झाल्या आणि ती हलली.

"हलू नको. पुसावं लागेल."

"नाना, हासू येस माले."

"हास. पन पाय नको हालवू."

वडील खाली वाकून बघत होते. तिच्या टाचेला भेगा होत्या, अंगठ्याचं नख अर्धं गेलेलं होतं, आणि पेन्सिल त्या सगळ्याला वळसा घालून सावकाश फिरत होती. दोन्ही पावलं झाल्यावर नानांनी डावं-उजवं लिहिलं, शेवंतीचं पूर्ण नाव लिहिलं, तारीख घातली, आणि खालच्या कोपऱ्यात, ऑफिसातल्या सवयीनं, रेखीव अक्षरात लिहिलं: प्रमाण एकास एक.